पुढची डावी डिस्क

सतरा कामं. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला, धपाट्याचा दुसरा घास तोंडात असताना, शोरूमवाल्यांनी माझ्या गाडीची सतरा दुखणी फोनवर पाठवून दिली. प्रत्येक दुखण्यापुढं रंगीत ठिपका. हिरवा म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे विचार करा, लाल म्हणजे ताबडतोब. सतरांत हिरवा एकही नव्हता. जर्मनांनी बनवलेली, सात वर्षांत जेमतेम चाळीस हजार किलोमीटर पळालेली, दोनच माणसांची गाडी, आणि तिचं एकही हाड धड नाही असं हायवेवरच्या काचेच्या घरात बसलेल्या मंडळींचं मत होतं. एसीच्या नळ्या निर्जंतुक करणे. इंजिनातली काजळी काढणे. बॅटरी थकलेली. वायपरचं रबर कडक. उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून खालून फवारा मारणे. म्हणजे कोल्हापूरच्या उंदरांची काळजीसुद्धा आता यांनीच वाहायची. मी चावत होतो, वाचत होतो आणि मनात छान चीड चढत होती. खरं सांगायचं तर लुच्चेगिरी वाचायला मला आवडते, ती किती हुशारीनं केली आहे ते बघायला आवडतं. सतराव्या ओळीला मात्र घास तोंडात तसाच राहिला. 'पुढच्या ब्रेक डिस्क. डाव्या डिस्कला चीर. दोन्ही त्वरित बदलणे. तोपर्यंत गाडी चालवू नये.' लाल ठिपका. खाली फोटो. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तबकडीवर केसाएवढी रेषा आणि तिच्याकडं बोट दाखवणारा लाल बाण. मला, वृषभ मगदूमला, बिडाची चीर कशी असते ते दाखवणारा बाण. मी ताट सरकवलं आणि उठलो.

तेलापाण्याबद्दल कुणी थाप मारली तर मी सोडून देतो, तेल हा माझा प्रांत नव्हे. बीड आहे. शिरोलीला आमची फाउंड्री आहे, ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम आणि गाड्यांच्या डिस्क आम्ही ओततो, आणि ब्रेकचा माल मालकाच्या हाताखालून गेल्याशिवाय गेटबाहेर पडायचा नाही हा माझ्या वडिलांचा नियम मी अजून पाळतो. दादांनी, म्हणजे अण्णाप्पा मगदुमांनी, उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये उसाच्या चरकाचे भाग ओतायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडं ना यंत्र होतं ना प्रयोगशाळा. एक हातोडी होती आणि दोन कान. माल टांगायचा, टोला द्यायचा, ऐकायचं. सलग बीड खणखणीत वाजतं आणि आवाज लांब जात जात विरतो. मोठी चीर असली की बद्द वाजतं. तेवढं कुणालाही कळतं, बाजारात माठ घेणारी बाईसुद्धा वाजवूनच घेते. खरी मेख बारीक चिरेची. तिथं टोला खणखणीतच वाजतो, फक्त आवाजाच्या शेपटाला एक चरचर असते, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा एवढीच. ती ऐकणारा कान हजारात एक. मी नऊ-दहा वर्षांचा असताना दादांनी मला गंगावेशीकडं एका कुंभाराच्या दारात दिवसच्या दिवस मडकी वाजवत बसवलं होतं, आणि चुकलं की कानाखाली. ज्या कानानं ऐकायचं त्याच कानाखाली, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. पुढं पुण्याच्या कंपन्यांचे इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आपली यंत्रं बाजूला ठेवून 'मगदूमसाहेब काय म्हणतात' असं विचारायचे. मला दुसरं काही आलेलं नाही. बोलणं गोड नाही, मित्र नाहीत, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, प्रवचनाला बसलो की दहा मिनिटांत कंटाळा येतो. कान आहे. तोच खोटा निघाला तर माझ्याजवळ उरतं काय? पण हा प्रश्न त्या सकाळी पडायचं कारण नव्हतं. चीर नाही, शोरूमवाले चोर आहेत, हे मला चप्पल घालायच्या आधीच माहीत होतं.

गाडी तिथं गेली ती आदितीमुळं. आदिती माझी मुलगी, चोवीस वर्षांची, आणि गाडी माझ्यापेक्षा बरी चालवते. रविवारी मैत्रिणीला घेऊन राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून मालवणला जायचं तिनं ठरवलं होतं, आणि घाट आहे तर एकदा गाडी दाखवून आणा असं म्हणे ती आठवडाभर सांगत होती. मी ते बुधवारी पहिल्यांदा ऐकलं. हल्ली कुणी धड बोलतं कुठं? नुसते ओठ हलवतात. शब्दाचं तोंड बाहेर काढतात आणि शेपूट गिळून टाकतात. घरात तेच, बँकेत तेच, बस्तीतल्या पंडितांचं तर विचारूच नका, तोंडात सुपारी धरून धर्म सांगतात. आपण 'काय?' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर असा भाव येतो जणू आपण त्याच्याकडं उसने मागितलेत. कोल्हापूरचा माणूस एकेकाळी रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठावरच्याला हाक मारायचा. आता समोरासमोर बसून पुटपुटतो. दोन वर्षांपूर्वी सरकारी नियम म्हणून आमच्याकडं कानतपासणीची व्हॅन आली होती. भट्टीजवळ आणि माल घासायच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एकेकाला मी धरून आत पाठवला, कानाला टोपणं लावून बसवला. मी बसलो नाही. डॉक्टर पोरगा मला म्हणाला, साहेब तुम्हीपण या. त्याला म्हटलं, बाळ, या कानावर कारखाना चालतो. तो काहीतरी बोलला आणि हसला. काय बोलला ते कळलं नाही, तोही पुटपुट्याच होता.

ही गाडी का घेतली असं लोक विचारतात तेव्हा मी जर्मनांचं बीड बघायला घेतली असं सांगतो. छप्पन्नाव्या वर्षी रस्त्याला घासून चालणारी दोन माणसांची गाडी घेणाऱ्याला काहीतरी सांगावं लागतं, नाहीतर ताराबाई पार्कातल्या पांढऱ्या आडमाप गाड्यांचे मालक, ज्यांना साखर कारखान्याच्या निवडणुकीखेरीज दुसरा विषय नसतो, ते आपल्याला म्हातारचळ लागला म्हणून मोकळे होतात. खरं कारण दुसरं आहे. चार महिन्यांपूर्वी पुण्यात त्या गाडीत बसलो. विकणारा एक संगणकवाला होता, मऊ हाताचा, तो काय सांगत होता त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. मी किल्ली फिरवली आणि मागच्या बाजूनं इंजिन बोललं. पाठीच्या कण्यातून, मांड्यांतून, छातीतून बोललं. एक अक्षर गिळलं नाही. कितीतरी वर्षांनी माझ्याशी कुणीतरी स्पष्ट बोलत होतं, आणि मला, सांगायला लाज वाटते, भरून आलं. घासाघीस न करता मी गाडी घेतली. मगदुमांच्या घरात घासाघीस न करता घेतलेली ही पहिलीच वस्तू असेल.

शोरूममध्ये जमिनीत तोंड दिसतं. एका कोपऱ्यात कॉफीचं यंत्र, दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू, आणि काचेपलीकडं लिफ्टवर उचललेली माझी गाडी, दवाखान्यात पाय वर करून टांगलेल्या माणसासारखी. माझ्या वाट्याला जी मुलगी आली तिच्या छातीवर दानेश्वरी असं नाव होतं. आदितीच्याच वयाची, गडहिंग्लजकडची असावी. अंगात काळा कोट, हातात पाटीसारखा पडदा, आणि जिभेवर मुंबईहून आलेल्या कुणा प्रशिक्षकानं घासून गुळगुळीत केलेली मराठी. "नमस्कार सर, आपण कॉफी घेणार का?" मी म्हटलं, कॉफी नको, ती यादी काढ. आणि मी एकेक ओळ घेतली. एसीत जंतू कुणी बघितले, त्यांची नावं काय? बॅटरी थकली म्हणजे तिला धाप लागते का? मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होतो, सोफ्यावर बसलेल्या दोघाचौघांना ऐकू जावं म्हणून, आणि ते ऐकत होते, एकजण तर आपल्या हातातली यादी उलटी करून ठेवत होता. मुलगी प्रत्येक ओळीला "ठीक आहे सर, ते काढते" म्हणत पडद्यावर बोट फिरवत होती. सोळा ओळी तिनं अशा काढल्या. ज्या कामांवाचून सकाळी गाडी मरायला टेकली होती ती सोळा कामं अकरा मिनिटांत हवेत गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर शरमेचा पुसटसा रंगही नाही. मला तिची कीव आली नाही. अशा पोरी आईबापांनी शिकवून मोठ्या केलेल्या असतात आणि शिकून काय करतात, तर उंदरांचा फवारा विकतात.

सतराव्या ओळीला मी तिला म्हटलं, डिस्क काढा. ती काढलेलीच होती. मेकॅनिकनं ती एका फडक्यावर आणून ठेवली. सुरेख काम होतं, ते मान्य केलं पाहिजे. वाऱ्यासाठी ठेवलेली भोकं एकाच मापात, कड वाटीसारखी गुळगुळीत. मी चष्मा लावला. रेषा होती. एका भोकापासून निघून बाहेरच्या कडेपर्यंत गेली होती. "सर, भोकांभोवती अशा जाळीसारख्या बारीक रेषा असतात त्या चालतात," मुलगी म्हणाली, "पण ही कडेला पोचलीय." मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रेषेवरून नख फिरवलं. नख किंचित अडलं. अडू दे म्हटलं, नखाला काय कळतं. मी जाड दोरी मागवली, डिस्क टांगली, खिशातली लहान हातोडी काढली आणि अख्ख्या शोरूमला शांत राहायला सांगून टोला दिला. खणखणीत. काय सुंदर वाजली! लांब, गोल, अंगणातल्या घंटेसारखी, आणि विरत विरत नाहीशी झाली. शेपटाला काहीही नाही. मी दुसरा टोला दिला, तिसरा दिला. मग चष्मा काढून सोफ्यावरच्या मंडळींकडं वळून म्हटलं, ऐकलंत? याला म्हणे चीर आहे.

त्या मुलीनं इकडंतिकडं बघितलं. काचेच्या खोलीत तिचा साहेब फोनवर होता. ती माझ्याजवळ आली आणि काहीतरी बोलली. मी म्हटलं, तोंड उघडून बोल. तेव्हा ती बोलली, आणि या खेपेला ती गुळगुळीत मराठी कुठल्या कुठं गेली होती. "सर, खरं सांगू काय? ते बाकीचं सोळा करूच नका. ते आमाला घालायलाच लागतंय यादीत. खरं हे एक करा. मी कान लावून ऐकलो, शेवटाला चरचरतंय ते. आमच्या मेकॅनिकनंबी ऐकलंय." तिच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्या कुणी ते ऐकलं असतं तर कदाचित त्याला वाटलं असतं, पोरगी नोकरी पणाला लावून आपल्याला सावध करते आहे. पण मी फाउंड्रीवाला आहे, आणि ही चाल आमच्याच घरची आहे. कंपनीचा इन्स्पेक्टर माल बघायला येतो तेव्हा आम्ही ढिगाच्या वरच एक फुटका नग ठेवतो. त्याच्या आधी आपणच तो उचलायचा, वाजवायचा, 'अरे, हा कुणी इथं ठेवला?' म्हणून माणसांवर ओरडायचं आणि त्याच्यादेखत भंगारात फेकायचा. इन्स्पेक्टरचा जीव भांड्यात पडतो. इतका प्रामाणिक माणूस! पुढचा ढीग तो डोळे मिटून पास करतो. शिरोलीत सगळे हे करतात, दादाही करायचे, आणि दादांनी ते मला ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी त्यांच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं होतं. तेव्हा सोळा नग भंगारात फेकून सतरावा गळ्यात मारणारी ही पोरगी बघून मला हसू आलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच. मी तिला म्हटलं, "बाळ, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी बीड ऐकतोय. चरचर काय असते ते मला तू सांगणार?" तिनं एक कागद पुढं केला, 'ग्राहकाने सुचवलेले काम नाकारले आहे', आणि मी त्याच्यावर झोकात सही केली. डिस्क फडक्यात गुंडाळून घेतली. कारखान्यात दाखवून तासाभरात परत पाठवतो, हीच परत बसवा, पाच वाजता माझी मुलगी गाडी न्यायला येईल, असं सांगितलं. जाताना मागं बघितलं तर ती काउंटरला धरून उभी होती आणि माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला आवडली नाही. राग असता तर चाललं असतं.

कारखान्यात पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. भिंतीच्या सावलीला माणसं डबे उघडून बसली होती. ज्ञानू मात्र माल तपासायच्या शेडमध्ये ढिगाजवळ उकिडवा बसलेला. ज्ञानू बिद्रीचा, दादांच्या वेळेपासूनचा, माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठा. मला बघून त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. हा माणूस सुट्टीतही मालाजवळच असतो, बायकोनं डबा बरा दिला नसेल, असा माझा त्याच्याबद्दलचा समज होता. मी डिस्क आकड्याला अडकवली. "ज्ञानू, ये. जर्मन बीड ऐक. शोरूमवाले म्हणतात चीर आहे." मी टोला दिला, पुन्हा ती सुंदर घंटा वाजली, आणि मी हातोडी त्याच्या हातात दिली. त्यानंही टोला दिला. मान तिरकी करून आवाज संपेपर्यंत ऐकला. मग डिस्ककडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चांगली हाय की मालक," तो म्हणाला.

"खणखणीत?"

"व्हय. खणखणीत."

मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. मी त्याला शोरूमची सगळी गंमत सांगायला लागलो, उंदीर, जंतू, थकलेली बॅटरी, आणि तो मान हलवत होता, हसायच्या जागी हसत होता, पण हातोडी त्यानं अजून खाली ठेवली नव्हती. तेवढ्यात आदितीचा फोन आला. फोन कानाला लावायचा मला कंटाळा आहे, मी तो नेहमी मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवतो. "पप्पा," ती म्हणाली, "शोरूममधनं फोन आलता. ती बाई म्हणाली ब्रेकचं काम तुम्ही नको म्हटलाय. घाट उतरायचा हाय आमाला. नक्की बरोबर हाय न्हवं?"

"ती थापाडी आहे. डिस्क उत्तम आहे. मी स्वतः वाजवून बघितली."

"तुम्ही वाजवलाय?"

"तीनदा."

"मग झालं," आदिती म्हणाली. तिच्या आवाजातली काळजी अशी निघून गेली की मला तिचा अभिमान वाटला, आणि माझाही. "पाच वाजता घेऊन येतो गाडी." फोन बंद झाला.

ज्ञानू काहीतरी बोलला. मी म्हटलं, काय? तो पुन्हा बोलला. त्याचे ओठ मला दिसले. मी म्हटलं, मोठ्यानं बोल की, तुलापण रोग लागला काय सगळ्यांचा? तेव्हा त्यानं हातोडी टेबलावर आपटल्यासारखी ठेवली आणि असा ओरडला की सावलीतली माणसं जेवायची थांबली. "आदिताई जाणार हाय काय म्हटलं हिच्यातनं!"

"हो. फोंड्यानं."

"मग ही घालू नकासा मालक. चीर हाय. चरचरतंय शेपटाला. मगाशी खोटं बोललो मी."

मी त्याच्यावर ओरडणार होतो, तोंडही उघडलं होतं, पण माझी नजर भिंतीच्या सावलीकडं गेली. वीसएक माणसं होती. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. सगळे आपापल्या डब्यात बघत होते, घरात कुणाचं तरी दुखणं निघालं की पाहुणे जसे ताटात बघतात तसे. तिथं मला समजलं. डिस्कचं नव्हे. डिस्क लहान गोष्ट होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्सं झाली आसतील." तो आता सावकाश आणि मोठ्यानं बोलत होता, प्रत्येक शब्द वेगळा काढून, आणि माझ्या लक्षात आलं की गेली तीन वर्षं तो माझ्याशी बहुतेक असाच बोलत होता, नुसता आज पहिल्यांदा इतका जवळ उभा राहिला होता. "तुमी पास केल्याल्या ड्रममधी चार लागलं मला. मग मी रोज बघाय लागलो. सुट्टीत, तुमी घराकडं जेवायला गेल्यावर. तुमी वाजवल्याला समदा माल मी परत वाजवतो."

"आणि खराब निघालेला?"

"भट्टीत. दुसऱ्या दिवशीच्या पयल्या लोखंडाबरोबर."

"मला सांगितलं का नाहीस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, न भिता. "सांगितलं आसतं तर तुमी मला काढून टाकला असता. मग वाजवलं कुणी असतं?"

त्यानं म्हटलं तसंच मी केलं असतं, त्याच दुपारी, आणि हिशेब करून वर शिव्याही घातल्या असत्या. गेली तीन वर्षं मी शिरोलीभर सांगत फिरलो होतो की विजेची भट्टी घेतल्यापासून आमच्याकडं वाया जाणारा माल जवळजवळ संपला, दिवसदिवस एक नग खराब निघत नाही. असोसिएशनच्या सभेत उभा राहून सांगितलं होतं. बाकीच्या फाउंड्रीवाल्यांना, दादांच्या काळातल्या त्या बिचाऱ्या कष्टाळू माणसांना, हसलो होतो. खराब निघत नव्हता कारण मला सगळंच खणखणीत वाजत होतं. शेतावरून ट्रॉली ओढत उतारानं घरी येणारा कुणी मुरगूडकडचा ट्रॅक्टरवाला, त्याच्या ट्रॉलीत बसलेली बायापोरं, आणि त्यांच्या आणि ओढ्याच्या मध्ये फक्त ज्ञानूची जेवणाची सुट्टी. एखाद्या दिवशी तो आजारी पडला असेल. मी आठवायचा प्रयत्न केला, तीन वर्षांत ज्ञानूनं रजा कधी घेतली. आठवेना. भाच्याच्या लग्नाला तो संध्याकाळी गेला होता आणि त्याबद्दल मी त्याची थट्टा केली होती. मला स्वतःची किळस आली. शोरूमवाल्यांनी निदान खोटी दुखणी सांगितली होती, खरी लपवली नव्हती.

तरीही माझ्यातला एक हलकट माणूस अजून हरायला तयार नव्हता. मी म्हटलं, कालचा ढीग आण. काल दुपारनंतर मी हाताखालून घातलेले दहाबारा ड्रम होते. म्हटलं, माझ्यासमोर वाजव, आता लपून नको. ज्ञानूनं पहिला टांगला. टोला. खणखणीत. त्यानं तो उजवीकडं ठेवला. दुसरा. खणखणीत, उजवीकडं. तिसरा वाजला, पहिल्या दोन्हींसारखाच, तसाच गोल, तसाच लांब, मी डोळे मिटून, श्वास धरून, दोन्ही कान अगदी त्याच्या अंगाला लावल्यासारखे करून ऐकला. आणि डोळे उघडले तेव्हा ज्ञानू तो डावीकडं ठेवत होता. त्यानं चौथा उचलला. आता मी आवाज ऐकतच नव्हतो, त्याचा हात कुठल्या बाजूला जातो तेवढं बघत होतो. नवव्याला तो पुन्हा डावीकडं गेला. सावलीतल्या कुणीतरी डबा मिटला, त्याच्या झाकणाचा आवाज मला आला नाही, नुसतं झाकण मिटताना दिसलं.

सव्वा वाजला होता. पाचला आदिती शोरूमला जाणार होती आणि तिथं माझी सही केलेला कागद होता. मी फोन उचलला, सकाळच्या यादीखालचा नंबर दाबला, आणि टेबलावर न ठेवता कानाला लावला, उजव्या, मग डाव्या. दानेश्वरीच आली. मी नाव सांगितलं. म्हटलं, नव्या डिस्क मागव, दोन्ही बाजूंच्या, त्या बसल्याशिवाय गाडी कुणालाही देऊ नको, माझी मुलगी आली तरी देऊ नको, ती भांडेल, भांडू दे. पलीकडून ती काहीतरी म्हणाली. विचारत होती एवढं आवाजाच्या चढावरून कळलं. किती दिवस थांबाल ते विचारत असेल, किंवा सकाळबद्दल काही म्हणत असेल, तिला तो हक्क होता. मी 'काय?' म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, आणि पुन्हा ते सगळं कापसातून आल्यासारखं आलं. ज्ञानू समोर उभा होता. वीस माणसं डब्यांवर झाकणं लावून बसली होती. 'रेंज नाही' हे दोन शब्द जिभेवर तयार होते, वर्षानुवर्षांची सवय, पटकन तोंडात येतात. मी ते गिळले.

"बाई," मी म्हणालो, "मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."